रिकाम्या जागेतली टकटक

"परत लावा," साहेब म्हणाले आणि डोळे मिटून खुर्चीत रेलले.

तिने गाणं पुन्हा सुरू केलं. गायक ऐटीत ओळीच्या टोकाशी आला, वाद्यं थबकली, आणि जिथे तो गाण्यातल्या मुलीला एका शब्दाने हाक मारायचा, तिथे आता शुकशुकाट होता. बाजारात वजनावर विकायच्या वस्तूला शोभावा असा तो शब्द. श्रोत्यांच्या तक्रारी आल्या, मग वरून हुकूम आला: शब्द काढा, मगच वाजवा.

"खड्ड्यात पाय गेल्यासारखं होतंय हो," साहेबांनी डोळे उघडले. "इथे काही होतं हे कळताच कामा नये. काहीतरी करा, रफूताई."

रेडिओ केंद्रातल्या त्या एवढ्याशा खोलीत तिला सगळे रफूताईच म्हणत. गाण्यातला नको तो शब्द उसवायचा आणि भोक दिसणार नाही असं बुजवायचं, हे तिचं काम. साहेब गेल्यावर तिने ढोलाचा तुकडा लावून पाहिला, टाळ्या लावून पाहिल्या. सगळंच ठिगळासारखं दिसत होतं. शेवटी कंटाळून तिने टेबलावर बोटांची पेरं आपटली. टक टक. घरी लेकीच्या बंद दारावर ती रोज तशीच टकटक करायची, हाताला तीच सवय. ती थबकली, माईक जवळ ओढला आणि पुन्हा टेबल वाजवलं.

ते दोन ठोके त्या जागी असे चपखल बसले, की साहेबांनी स्वतः उठून चहा सांगितला.

मग ते गाणं गावभर झालं. बसचा ड्रायव्हर त्या जागी स्टिअरिंगवर टकटक करायचा, शिंपी कात्रीने टेबलावर करायचा. आपलं पोर परक्या अंगणात खेळताना दिसावं, तशी ती सुरुवातीला हरखली. पण कुतूहल हा तिचा जुना आजार. टकटक करण्याआधी माणसं हसतात का? एकमेकांकडे बघतात का? आणि शेजारी उभी असलेली बाई नेमकी तेव्हाच पिशवीत काय शोधायला लागते?

न राहवून तिने कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलंच. "काय हो, तिथे टकटक का करता?"

"अहो ताई, तिथे तो शब्द आहे ना!"

"पण तो तर काढून टाकलाय."

"म्हणून तर मजा!" वाणी खुसखुसला. "नुसता ऐकला असता तर आठ दिवसांत विसरलो असतो. आता ज्याचा त्याने मनातल्या मनात म्हणायचा."

ती सामान तिथेच विसरून निघाली होती. वाण्याने हाक मारून पिशवी हातात दिली.

घरी वेगळीच काळजी होती. तिची चौदा वर्षांची लेक, जिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, रोज सकाळी मैदानावर धावायला जायची. आताशा घोटा दुखतो म्हणून घरीच बसत होती. बूट दाराशी धूळ खात पडले होते. घोट्याला ना सूज, ना मुरगळ. विचारलं की "दुखतोय म्हटलं ना!" एवढंच.

एका संध्याकाळी दोघी मायलेकी बाजारातून येत होत्या. जिन्यात इमारतीतली पोरं बसली होती. दोघी जवळ येताच एकाने ती ओळ गुणगुणली आणि टोकाशी येऊन थांबला. दुसऱ्याने कठड्यावर पेरं मारली.

टक टक.

भिंगरीची मान खाली गेली. मग ती अशी सुटली, की एकेक पायरी गाळत वर पोचलीसुद्धा. घोटा त्या क्षणी मुळीच दुखत नव्हता.

"काय रे, काय म्हणालात तिला?" ती पोरांवर ओरडली.

"आम्ही? काही नाही, काकू," कठडा वाजवणारा साळसूदपणे म्हणाला. "गप्पच तर बसलोय. एक शब्द तरी काढला का, सांगा!"

पोरगं खरं तेच बोलत होतं.

घरात भिंगरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. "कशाला गेलीस भांडायला? मैदानावर पण तेच करतात. सरांना सांगितलं मी. सर म्हणे, टकटक केली म्हणून कोणाला शिक्षा करू?" तिने नाक ओढलं. "तो शब्द तोंडातून काढला असता ना, तर एक कानाखाली तरी वाजवली असती मी. आता कशावर वाजवू?"

आई तिच्याजवळ टेकली.

"कोणाच्या डोक्यातून निघालं असेल गं हे?" भिंगरीने विचारलं.

आईने उजवा हात हळूच ओढणीखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेब हसतच खोलीत आले. "गीतकाराचा फोन होता. तुमच्यावर बेहद्द खूश! नवं गाणं पाठवलंय, आणि या वेळी शब्दाची जागा त्याने स्वतःच रिकामी ठेवलीय. म्हणतो, ठोके रफूताईंचेच हवेत. बघा, कापाकापीची कटकटच मिटली!"

तिने गाणं ऐकलं. ओळ संपत आली, वाद्यं थबकली, आणि त्या मोकळ्या जागेत कोणता शब्द बसणार, हे तिला जागा येण्याआधीच कळलं. तिच्याच मनाने तो म्हणूनही टाकला.

"हे वाजवू नका, साहेब."

"का? कारण लिहावं लागतं. एक तरी वाईट शब्द दाखवा."

"नाहीच आहे."

"मग झालं तर!"

"त्याला म्हणावं, जो शब्द मनात आहे तो लिहून पाठव. स्वतःच्या नावानिशी. मग बघू कापायचा की गाणंच परत धाडायचं. त्याच्यासाठी मी टेबल वाजवणार नाही. जुन्यातलेही माझे ठोके काढतेय."

"आता काढून काय उपयोग?" साहेब आवाज न चढवताच म्हणाले. "लोकांच्या बोटांत गेले ते. आणि तुम्ही नाही, तर दुसरं कोणी वाजवेल. बोटं सगळ्यांनाच आहेत."

"आहेत ना," ती म्हणाली. "माझ्या ताब्यात मात्र एवढीच आहेत."

साहेब काहीतरी पुटपुटत निघून गेले. उद्या हे काम राहील की नाही, कोण जाणे. तिने जुनं गाणं उघडलं आणि ते दोन ठोके उसवले. खड्डा पुन्हा जसाच्या तसा. तो तिने तसाच ठेवला.

घरी आली तेव्हा भिंगरीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सवयीने तिची बोटं वळली, हात दारापर्यंत गेला, आणि तिथेच अधांतरी राहिला. मग हात खाली घेऊन तिने हाक मारली.

"बाळा, मी आहे गं."

दार किलकिलं झालं. "आज टकटक नाही केलीस?"

"नाही." ती म्हणाली, "त्या गाण्यातली टकटक... ती माझी आहे."

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे. ती आत वळली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली.

दार मात्र तिने उघडंच ठेवलं होतं.