कोपरखारच्या शाळेची बॅटरी

त्या दिवशी आगरावर मीठ ओढायचं काम चाललं होतं. ऊन डोक्यावर आलेलं, पाय खाऱ्या पाण्यात चरचरत होते, आणि तशात आमच्या शाळेचे एझरा मास्तर पनवेलहून चालत थेट बांधावरच येऊन उभे राहिले. म्हणाले, आपल्या शाळेला जिल्ह्यातून रेडिओ मंजूर झालाय. बॅटरीवर चालणारा. रोज दुपारी मुंबईहून शाळेच्या पोरांसाठी धडे नि गोष्टी लागतात, त्या ऐकवायच्या. अट एकच. गावातल्या एका जबाबदार माणसानं त्याची देखभाल अंगावर घ्यायची. होळीच्या सुमाराला डिप्टीसाहेब तपासायला येतील. सेट बंद दिसला तर तो दुसऱ्या गावाला जाईल.

मास्तरांनी खरं म्हणजे शाळेच्या छपराला कौलं मागितली होती. दोन वर्षं अर्ज करत होते. कौलांच्या जागी रेडिओ आला.

मी शाळा कमिटीचा मेंबर, जगन घरत. तरणा असताना आठ महिने मुंबईला एका रेडिओच्या दुकानात होतो. होतो म्हणजे दुकान झाडायला होतो. पण तेवढं गावात सांगायचं राहून गेलेलं. हातातली मीठ ओढायची फळी टाकून मी म्हटलं, "मास्तर, त्याची कालजी तुमी नका करू. माजा हात बसलेला हाय." हात बसला होता तो धूळ पुसायच्या फडक्यावर.

सेट आला त्या दिवशी सगळा गाव शाळेत जमला. मी दोन बांबू रोवून त्यावर तार ताणली, पेटीसमोर मांडी घालून बसलो आणि बटण पिरगाळलं. आवाज नाही. मी लोकांना समजावलं, की आतले दिवे तापायला वेळ लागतो, मुंबईला पण लागतो. लोक बसून राहिले. बायका कंटाळून उठायला लागल्या तेव्हा मास्तरांनी हळूच वाकून बॅटरीची सुटी वायर जोडली. जरा वेळानं खरखर झाली आणि आतून एक बाई बोलायला लागली. थंडीत कुठून कुठून पक्षी आपल्याकडे येतात ते सांगत होती. पोरं खिडकीतून कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघायला लागली, जसे काय ते आत्ताच तिथं उतरतायत. शाळा इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

त्या दिवसापासून दुपारच्याला आगरावरून परतणाऱ्या बायकाही खिडकीशी टोपल्या उतरवून थांबायच्या.

बॅटरी मात्र दर आठ दिवसांनी भरून आणावी लागे, पनवेलला धर्मराज मिस्त्रीच्या मोटारीच्या कारखान्यात. मोठं जड धूड ते. पहिल्या खेपेला मीच निघालो, इस्तरीचा सदरा घालून, बॅटरी खांद्यावर तिरपी टाकून. वाटेत पाठीला ओल लागली, मला वाटलं घाम. बाजारात पोचलो तोवर बॅटरीतल्या तेजाबानं सदऱ्याची चाळण झाली होती आणि पाठीची आग होत होती. दुसऱ्या खेपेपासून माझी कंबर धरायला लागली आणि माझी बायको वेणू ती बॅटरी चुंबळीवर ठेवून न्यायला लागली. ती तशीही बाजाराला जायचीच.

मिस्त्रीनं तिला सगळं नीट सांगितलं. बॅटरी सरळ धरायची. आतलं पाणी उतरलं तर बाटलीतलं शुद्ध पाणी घालायचं, विहिरीचं अजिबात नाही. ती घरी येऊन मला सांगायची. मी हो हो करायचो. मेंबराला बायकोनं रेडिओ शिकवावा हे काय माझ्या कानात शिरत नव्हतं.

मंगळवारी डिप्टीसाहेब येणार होते. आदल्या शनिवारी मास्तर नव्हते. शनिवार हा त्यांच्या धर्माचा विसाव्याचा वार, त्या दिवशी ते कामाला हात लावत नसत. शाळेची किल्ली माझ्याकडे. म्हटलं, साहेब यायच्या आधी एकदा बघून घ्यावं. बॅटरीची बुचं काढली तर पाणी खाली गेलेलं. बाटली वेणूकडे घरी. घरी जाऊन मागायची म्हणजे ती विचारणार. मी शाळेमागच्या विहिरीतून डबाभर पाणी काढलं आणि सगळी भोकं काठोकाठ भरली. आमची ती विहीर खाऱ्या जमिनीला लागून, तिचं पाणी पिताना माणूस तोंड वाकडं करतं.

सोमवारी रेडिओतली बाई बारीक आवाजात बोलली, मग गप्प झाली. मास्तरांना वाटलं, भरायला झाली असेल. वेणू घेऊन गेली. संध्याकाळी बॅटरी तशीच डोक्यावरून परत आली. ओट्यावर उतरवून ती म्हणाली, "मिस्त्री म्हनतो, मेली ही. खारं पानी पडलाय. हिरीचं पानी तुमी वतलं का?"

मी नाही म्हटलं. ती चुलीकडे गेली.

मंगळवारी डिप्टीसाहेब आले. बटण फिरवलं, काही नाही. कुणाची जबाबदारी, म्हणून त्यांनी विचारलं. मी छपराकडे बघायला लागलो. फुटक्या कौलांतून उन्हाचे कवडसे पडले होते, ते मोजत बसलो. मास्तर उठून म्हणाले, शाळेतली वस्तू आहे, तेव्हा जबाबदारी माझी. साहेबांनी पेन काढलं आणि मोठ्यानं बोलत लिहायला लागले, 'सरकारी वस्तूच्या देखभालीत शिक्षकाची हयगय.'

मास्तरांना रिटायर व्हायला तीन आठवडे होते. मग ते मुलाकडे जाणार होते, इस्रायलला, बोटीनं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर वाकडा शब्द लागलेला नव्हता. ते खाली बघून कोटाची गुंडी लावत होते आणि ती काही लागत नव्हती. खिडकीबाहेर बायकांत वेणू उभी होती. ती बोलली असती तर मला तिच्यावर डाफरता तरी आलं असतं.

मी उभा राहिलो. "सायेब, ती वळ खोडा. ब्याटरी मी मारली. खारं पानी घातलं." आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर म्हटलं होऊन जाऊ दे. "मंबईला मी दुकान झाडायचो. मला रेडिओतलं काय पन कलत नाय."

पोरं हसली. मोठी माणसंही हसली. साहेबांनी विचारलं, कळत नव्हतं तर अंगावर घेतलं कशाला? मी म्हटलं, मेंबर आहे म्हणून. त्यावर त्यांनाही खोकला आला.

त्यांनी ओळ खोडली. पण म्हणाले, जाणता माणूसच नाही तर सेट इथं ठेवता येणार नाही. तेव्हा मास्तर म्हणाले, "जाणतं माणूस आहे साहेब. या वेणूबाई. तीन वेळा बॅटरी डोक्यावर नेली, थेंब सांडला नाही. मिस्त्रीनं सांगितलेलं त्यांना सगळं पाठ आहे."

त्या कमिटीवर आहेत का, साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, माझी जागा तिला द्या. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, यापुढे बॅटरी नेता-आणताना दर वेळी वहीत पुरं नाव लिहून सही लागते, अंगठा चालत नाही.

वेणू खिडकीतूनच बोलली. "नवी ब्याटरी कवा येल?"

"पंधरा दिवस लागतील."

"मंग पंदरा दिसांनी सई घ्या."

रोज शाळा सुटल्यावर ती मास्तरांपुढे पाटी घेऊन बसायची. घरी चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवायची, मीठ वाळत घातलं की त्यातही गिरवायची. मी विचारलं तर पुसून टाकायची.

नवी बॅटरी आली, तिनं पाणी बघितलं, वायरी जोडल्या. मास्तरांनी वही पुढे केली. वेणूनं जीभ दातांत धरून तीन शब्द लिहिले, शेवटचा रकान्याबाहेर गेला. मास्तर खुशीत येऊन म्हणाले, पुरं नाव लिहिलंत, मालकांचं सुद्धा. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. वीस वर्षांच्या संसारात तिनं माझं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं आणि आता ते सरकारी वहीत लिहून बसली होती.

मी वाकून वही बघितली. पुष्कळ वेळ बघितली. त्या तीन शब्दांतला मी कुठला, ते मला मास्तरांना विचारावं लागलं.