येते म्हणाल्या त्या बाई

आत्याचं शिवणयंत्र पेटीत, आणि पेटी आत्याच्या मांडीवर. दोन भाऊ दोन शहरांत. वर्षातून एकदा दोघांकडे जायचं आणि घरभराचं शिवून द्यायचं, हेच तिचं माहेरपण. यंदा थोरल्याच्या लेकीचं पहिलं गाणं होतं, शनिवारी दुपारी चारला, आणि तिचा निळा झगा आत्या शिवणार होती. नेमकं धाकट्याच्या शहरात यंत्राचं शटल बिघडलं. खालच्या दोऱ्याचा गुंत्यावर गुंता.

तिथला मिस्त्री म्हणजे गुळाचा खडा. खुर्ची दिली, चहा पाजला, तिच्या गुडघ्याची चौकशी केली, स्वतःच्या सासूची कुळकथा सांगितली. यंत्राला मात्र तीन दिवसांत बोट लावलं नाही.

"होईल हो आत्याबाई, यंत्र कुठं पळून जातंय?"

यंत्र नाही, पण गाडी निघून जाणार होती.

थोरल्याच्या शहरात ती शुक्रवारी उतरली. तिथं सगळं मिनिटाला मिनिट धरून. यंत्रदुरुस्तीच्या दुकानात शिरताच टोकन, पाटीवर आकडा, काउंटरमागे चष्मेवाला कारागीर. सोळाव्या मिनिटाला यंत्र हातात. पण बोलणं? ना हूं, ना चूं. काळजाच्या जागी घड्याळ बसवलंय मेल्यांनी, असं मनात म्हणत ती सवयीनं बोलून गेली, "येते हं."

कारागिरानं मान वर केली. "किती वाजता?"

"अं?"

"येते म्हणालात. वेळ सांगा."

आत्याला हसू फुटलं. जाते म्हणू नये म्हणून येते म्हणायचं, हे या बापड्याला कोण समजावणार? "लिहा, उद्या सव्वानऊ!" त्यानं खरंच लिहिलं.

शनिवारी सकाळी एक बाही आणि सगळा घेर बाकी असताना दोरा पुन्हा गुंतला. आत्या यंत्राला गोंजारत गुणगुणली,

सुई माझी लेक
दोरा गं जावई
टाक्याला का बाई
रुसवा आला

"वन्सं, ओव्या गाऊन यंत्र चालतं का?" वहिनी म्हणाली.

"मग शिव्या देऊन बघू?"

पेटी उचलून तिनं दुकान गाठलं. गर्दी ही! टोकन मिळालं ते दुपारी तीनचं. पोरगी काय एका बाहीनं गाणार? तेवढ्यात पाटीवर अक्षरं उमटली: सव्वानऊ – येते म्हणाल्या त्या बाई.

कारागिरानं नवं शटल काढूनच ठेवलं होतं. नऊ मिनिटांत बसवलं, घड्याळ पाहिलं आणि स्टूल पुढं सरकवलं. "पंधरातली सहा मिनिटं उरलीत तुमची. बसा."

"काल गंमत केली हो मी."

"माझी आईही येतेच म्हणते. मला कळत नाही होय? पण जुनं शटल घासून दिलं होतं, टिकेल याचा भरवसा नव्हता. नवं आज सकाळी येणार होतं. म्हणून तुमची वेळ धरून ठेवली."

"मग तसं बोलायचं नाही का रे, मेल्या!"

"काल तुमच्यामागं अकरा माणसं होती, आत्या."

मग सहा मिनिटं दोघं अशी बोलली, जशी एका आळीत वाढलेली. सातव्याला त्यानं पुढचा आकडा लावला. आत्याला राग आला नाही.

पावणेचारला मंचामागं पोरीच्या घेरावरचा शेवटचा लोंबता दोरा तिनं दातांनी तोडला. "जा, गा!" आणि निळा झगा भिंगरीसारखा फिरवत पोरगी मंचावर पळाली.