घड्याळजींच्या घरची वाळवी

औषधवाल्याने शिडीवर उभं राहून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तुळईवर ठोकलं, कान लावला, हातभर पुढे सरकून पुन्हा ठोकलं. आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. टोक जरा दाबलं तर ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं, आणि भोकातून दोन-तीन पांढुरके किडे डोकावून लगबगीने परत फिरले. त्याने खाली पाहिलं. तुळईच्या बरोबर खाली पलंग होता. शनिवारी त्याची बायको लेकीला, चिमणीला घेऊन माहेरी यायची, तेव्हा मायलेकी याच पलंगावर झोपायच्या. तो शिडीवरून उतरला आणि सगळ्यात आधी पलंग ओढून खिडकीपाशी नेला.

या खोलीत तो आज पहिल्यांदा आला होता. खरं तर या घराचा उंबरठाच त्याने आज पहिल्यांदा ओलांडला होता. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी बायकोला कोपऱ्यावर सोडायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं, हा शिरस्ता होता. सासरे घड्याळजी. आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेली, आणि बौद्ध म्हणून पंचशील असं पाळलेलं की घरात कोळी दिसला तर कागदावर घेऊन बागेत सोडून येणार. झुरळालाही अहो-जाहो करणारा माणूस, असं त्यांची मुलगीच म्हणायची. अशा माणसाच्या मुलीने निवडला कोण, तर ढेकूण, उंदीर आणि वाळवी मारून पोट भरणारा. सासऱ्यांनी लग्न अडवलं नाही. जात काढली नाही, हिंदू म्हणूनही नाक मुरडलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, की जीव घेऊन मिळवलेलं अन्न माझ्या धर्मात बसत नाही, तेव्हा जावयाच्या ताटाशेजारी मी बसणार नाही.

औषधवाल्याला ते लागलं होतं, आणि अजून लागत होतं. आपल्या कामाची त्याला काडीची लाज नव्हती. त्याचे वडील हेच करायचे, आजोबाही. हातातलं काम चोख करणं हाच आपला धर्म, असं वडील म्हणायचे आणि तो ते मनापासून मानायचा. त्याला एकच हवं होतं. या माणसाने एकदा तरी आपल्याला आपल्या पंगतीला बसण्याच्या लायकीचं समजावं.

तो खाली आला. सासूबाई जिन्यापाशीच उभ्या होत्या. फोन त्यांनीच केला होता. घड्याळजी खिडकीत पाठमोरे बसले होते, डोळ्याला भिंग, पुढ्यात उघडलेलं घड्याळ.

"तुळई पोखरली आहे आई," तो म्हणाला. "टेकू मी आजच लावतो, पण आतली वाळवी तशीच ठेवली तर शेजारच्या तुळयाही जातील. तोवर चिमणीला वर झोपवू नका."

 सासूबाईंनी कठडा धरला.

"मागच्या दाराशी ओल्या पुठ्ठ्यांची चळत कसली आहे?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. "ह्यांची सोय. वाळवी पुठ्ठ्यावर यावी, मग पुठ्ठ्यासकट उचलून ओढ्यापलीकडे सोडून यायचं. उन्हाळ्यापासून चाललंय. चांगला पाहुणचार झाला की तिचा."

त्याला हसू आलं, ते त्याने गिळलं. भिंतीला टेकवून ओले पुठ्ठे ठेवायचे म्हणजे वाळवीला हात धरून घरात आणायचं. चार आल्या त्या ओढ्यापलीकडे गेल्या, बाकीच्या सगळ्या वर चढल्या. पण ते बोलण्यात काही अर्थ नव्हता. घड्याळजींची मान ज्या तऱ्हेने खाली गेली, त्यावरून त्यांना ते कळलं होतं.

"मग करा ना औषध," सासूबाई म्हणाल्या. "वाट कसली बघताय?"

आता त्याच्या घराण्याची रीत आडवी आली. औषध मारण्याआधी घरमालकाच्या तोंडून 'मारा' हा शब्द घ्यायचा. "करून टाका", "बघा काय ते", असलं चालत नाही. गिऱ्हाइकं हसायची, लाजायची, पण म्हणायची. हुकूम त्यांचा, आपण नुसते हात, म्हणजे आपल्या माथी काही नाही, ही वडिलांची शिकवण. तो शब्द घेतल्याशिवाय त्याने आजवर सिरिंज उघडली नव्हती.

"घर बाबांचं आहे," तो म्हणाला. "त्यांनी सांगायला हवं."

हे बोलताना त्याला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. सहा वर्षं ज्यांनी तोंड फिरवलं, त्यांना आज आपल्याकडे बघून बोलावं लागणार होतं.

घड्याळजींनी भिंग काढलं आणि खुर्ची वळवली. चेहरा उतरला होता. ओठ हलले, पण शब्द काही बाहेर आला नाही. पुन्हा हलले. गुडघ्यावर त्यांच्या मुठीची उघडझाप होत होती, आणि एवढ्या स्थिर हाताच्या माणसाचं तसं होणं औषधवाल्याला बघवेना. जिंकल्याचा सगळा आनंद तिथेच ओसरला.

"राहू द्या," तो म्हणाला. "मी करतो."

त्याने पेटी उचलली आणि वर गेला. टेकू लावला, ड्रिलने तुळईला ओळीने भोकं पाडली, सिरिंज भरली. जिन्यावर सावकाश पावलं वाजली. घड्याळजी दारात उभे होते, जरा धापा टाकत.

"मला विचारलं नाहीत," ते म्हणाले. सरळ त्याच्याशीच.

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"आणि मग हे कोणाच्या माथी?"

"माझ्या. माझं रोजचंच आहे."

"रोजचं कुठे? मुलीने सांगितलंय मला. रोज तुम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घेता आणि हात झटकता." त्यांनी दाराची चौकट धरली. "मी तुम्हाला घरात घेत नाही आणि हात झटकतो. दोघंही एकाच दुकानातले आपण."

औषधवाल्याने हातातली सिरिंज शिडीच्या पायरीवर ठेवली. वडिलांनी शिकवलेल्या गोष्टीला असं कोणी कधी हात घातला नव्हता. रागवावं असं त्याला वाटलं, पण राग येईना, कारण म्हातारा खरं बोलत होता आणि स्वतःलाही सोडत नव्हता.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "विचारतो. मारू का?"

"नाही," घड्याळजी म्हणाले. "दुसऱ्याला मारायला सांगणं माझ्याच्याने होणार नाही. ते स्वतः मारण्याहून वाईट. पुठ्ठे मी ठेवले, पोर माझ्या घरात झोपते. सुई कशी धरायची ते दाखवा."

त्याने खाली उतरून स्वतःचा मास्क त्यांच्या तोंडाला बांधला. हातमोजेही दिले, पण घड्याळजींनी ते लगेच काढले, बोटांना काही कळत नाही म्हणाले. मग ते शिडी चढले. औषधवाल्याने खालून शिडी घट्ट धरून ठेवली.

पहिल्या भोकापाशी ते बराच वेळ थांबले. मग सुई आत गेली. हात जरासुद्धा हलला नाही. एक थेंब बाहेर न सांडता त्यांनी दट्ट्या दाबला, आणि आत लाकडात बारीक सळसळ झाली, ती दोघांनाही ऐकू आली. घड्याळजींनी डोळे मिटले नाहीत. दुसरं भोक, तिसरं, सगळी तुळई त्यांनी एकट्याने केली. सिरिंज भरून द्यायची तेवढी जावई देत राहिला.

संपल्यावर दोघं मागच्या नळावर आले. घड्याळजींनी साबण लावून हात धुतले, नाकाशी नेले, पुन्हा धुतले.

"जात नाही वास," ते म्हणाले.

"नाही जात," औषधवाला म्हणाला. "मी बायकोला सांगतो की जातो."

घड्याळजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि साबण त्याच्या हातात दिला.

आत सासूबाईंनी सवयीने नवऱ्याचं एकट्याचं ताट वाढलं होतं, जावयासाठी डबा भरून ठेवला होता. घड्याळजी आले, खुर्चीवर बसले. ताटाकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं.

"आता यांच्याजवळ नाही बसायचं," ते बायकोला म्हणाले, "तर मी तरी कोणाजवळ बसू?"

आणि त्यांनी शेजारची खुर्ची बाहेर ओढली.