हिरवा गोल

माझी सून तेजश्री हिला घरात वागायची रीत नाही. मे महिन्यात सोलापुरात भिंतीसुद्धा भाजतात, आणि ही मनगटापर्यंतच्या बाह्यांचा ब्लाउज घालून नवऱ्याच्या खाटेशी बसते. उजवा हात कायम पदराखाली. "हाताला सोनं लागलंय का गं?" म्हणून विचारलं, तर म्हणे, "घामोळं उठलंय, आत्या."

मी दुसरी पास. पण कडक भाकरीचा धंदा मी एकटीनं उभा केला. अक्षर नाही तरी माणूस मला वाचता येतो, असा माझा ताठा.

माझा सतीश मोबाईलच्या टॉवरवरून पडला त्याला दोन वर्षं झाली. मानेखाली काही हलत नाही, काही कळत नाही. त्याचा मित्र दिपक पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं दोन पट्टे आणून दिले, डाव्या-उजव्या हाताचे.

"मावशी, बोट हललं नाही तरी चालतं," तो म्हणाला. "मनात मूठ आवळायची. कोपराखालच्या स्नायूत थोडा जरी जीव असला तरी पट्ट्याला कळतं, आणि दोन्हीतल्या कुठल्याही पट्ट्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरवा गोल पेटतो."

गोल पेटला तर सतीशला घरबसल्या काम. एक पट्टा त्याच्या हाताला बांधला. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी तेजश्री शेजारी बसली होती आणि गोल पेटला. सतीश लेकरासारखा रडला. मी गल्लीभर पेढे वाटले. येत्या सोमवारी दिपकच्या कंपनीतले साहेब लोक येऊन परीक्षा घेणार आहेत.

काल लग्नाच्या तीनशे भाकरी द्यायच्या होत्या. तेजश्री खाटेपासून घाईनं उठली ती थेट परातीशी बसली. तेवढ्यात सतीश खोलीतून ओरडला, "आई, ये की! आज हात लई चालालाय!"

गेले. गोल पेटत होता, विझत होता. पोरगं हसत होतं. चुलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थाप पडली, गोल पेटला. परत थाप, परत गोल. मग थापणं थांबलं. गोल विझला. सतीशनं दात आवळले, कपाळावर घाम आला, गोल काही पेटेना. मग तिकडं थाप पडली.

"बघितलंस न्हवं, आई?"

"बघितलं, बाबा."

चुलीपाशी जाऊन मी तिची बाही वर सारली. दुसरा पट्टा तिथं होता, ज्वारीच्या पिठानं पांढरा झालेला.

तिनं मान वर केली नाही. "जेवण सोडलं होतं त्यांनी, आत्या. त्यांना सांगू नका."

तव्यावरची भाकरी करपत होती. मी उलटली नाही.

"सोमवारी ते साहेब तुला भाईर बसवतील आन् पट्टा त्याच्याच हातावर बघतील," मी हळू आवाजात म्हणाले. "टॉवरवरनं त्यो एकदा पडलाय, तेजश्री. सोमवारी परत पडंल. ह्या बारीला त्याला वर चढवलंयस तू. आन् खाली हुबी राहून पेढे वाटले मी."