सत्तार पिंजाऱ्याचा कमठा

मी बोलतोय खरा, पण मला सगळं नीट आठवतं का, याची खात्री नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आठवणींचंही तसंच होत असावं.

मी पिंजाऱ्याचा कमठा, कापूस पिंजायचं धनुष्य. माझी तात, आतड्याची ताणलेली दोरी, छेडली की सरकीविना कापसाचा ढग व्हायचा. धामणगावच्या अब्दुल सत्तारनं मला घडवलं आणि खांद्यावर घेऊन गावोगाव गाद्या भरल्या. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं त्या सुमारास गावात पिंजायचं यंत्र आलं. आम्हाला कुणी बोलावेना.

एका दुपारी सत्तारनं मला खुंटीवर टांगलं, घण उचलला आणि जाऊन यंत्र फोडलं. तिथं आगही लागली. ती त्यानं लावली की ठिणगी उडाली, मला ठाऊक नाही. मी खुंटीवर होतो. त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नंतर ना पत्र, ना निरोप.

त्याची बायको हलीमाबी माझी तात ताणून ठेवायची. शबेबरातीला मेलेल्यांच्या नावानं फातिहा पढून हलवा वाटतात. त्यात ती नवऱ्याचं नाव घेऊ द्यायची नाही.

शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या, “हलीमा, किती वाट पाह्यशीन वो? नाव घे न् मोकळी हो.”

“तुमी जित्या माणसाचे पिंड पाडता काय?”

“आमी काहून पाडू?”

“मंग मी काहून हलवा वाटू?”

“तुया तोंडाले कोन लागन,” म्हणत गोदाबाईंनी पानाचा डबा पुढे सरकवला.

सरकी काढायच्या जिनाचा, गावच्या कारखान्याचा, भोंगा वाजला की माझी तात आपोआप गुणगुणायची. हलीमाबी म्हणे, “तो काम करून राहिला.”

ती गेली. नातू अब्दुल रहीम अकोल्याला शिक्षक होता. त्यानं मला नेलं. त्या वर्षी शबेबरातीला त्याची बायको रजियाबी म्हणाली, “आज्याचंही नाव घ्या आता. किती वर्स उपाशी ठेवता त्याइले?”

रहीमनं चाचरत नाव घेतलं. भोंगा नव्हता, वारा नव्हता. तात वाजली.

“तू ऐकलं?”

“काय?” रजियाबीनं विचारलं.

तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. देश स्वतंत्र झाल्यावर तो बोटीनं अंदमानला गेला.

आता माझी तात सैल आहे, वाजत नाही. कुणी ताणलीच, तर हलक्या हातानं ताणा.

परतल्यावर रहीमनं रजियाबीला एवढंच सांगितलं. शिक्षा संपल्यावर आजोबा तिथंच राहिले, गाद्या भरायचे. तिथं घडवलेल्या त्यांच्या दुसऱ्या कमठ्याचा आवाज तिथल्या म्हाताऱ्यांना आठवत होता. कबरीवरचं मृत्यूचं साल त्यानं बोटानं चाचपून पाहिलं. आपल्या घरी त्यांच्या नावानं फातिहा झाली, त्याच्या चार वर्षांनंतरचं होतं.