सहाशे वॅट कुठे गेले?

मित्रांनो, मी एक जुना टाँग टेस्टर आहे. माझ्या डोक्यावर चिमट्यासारखा जबडा आहे. त्यात एक चालू वायर धरली, की तिच्यातून किती अँपिअर करंट वाहतो ते माझा काटा सांगतो. पोटाला दोन वायरी जोडल्या की मी व्होल्टही दाखवतो. एवढीच माझी विद्या. पुढचा हिशेब माणसाने करायचा.

माझा कारखाना कुठला, ते मला ठाऊक नाही. दिग्रसच्या गुलाम नबींनी तीस वर्षांपूर्वी मला विकत घेतले, तिथपासूनचे मला आठवते. त्यांचे मोटर बांधण्याचे दुकान आहे. जळालेली मोटर ते उघडतात आणि जुनी तार काढतात. नवी तार भरतात त्यांच्या पत्नी, जुबैदाबी. वेढे मोजताना त्या कुणाशी बोलत नाहीत. गिऱ्हाइके मात्र नबीभाईंच्याच कामाची तारीफ करत.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात जवळच्या तांड्यावरून धनसिंग आले. तांड्याच्या पिण्याच्या पाण्याची मोटर ते सांभाळत. ती मोटर महिन्यात दुसऱ्यांदा जळाली होती.

"नबीभाई, बायका दोन मैलांवरून पाणी आणून राह्यल्या," ते म्हणाले. "लोक मले बोलतात. आता समजलं, मोटर तुम्ही नाही, बाई बांधते. मंग जळंल नाही तं काय?"

दुकानात आणखी चार माणसे होती. नबीभाई खाली बघत म्हणाले, "फुकट बांधून देतो, भाऊ. विषय सोडा."

जुबैदाबींनी हातातली तार ठेवली. "बांधून देईन. पण या वक्ती बसवाले मी येईन. मोजल्याबिगर चालू ठेवू देणार नाही."

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या पिशवीतून तांड्यावर गेलो. मोटर विहिरीच्या काठावर होती. विजेचा खांब तिथून चारशे मीटर दूर, तांड्याच्या तोंडाशी. जुनी विहीर खांबाजवळ होती. ती आटल्यावर धनसिंगांनी नव्या विहिरीपर्यंत जुन्यासारखीच वायर स्वतः ओढून घेतली होती.

मोटर बंद असताना धनसिंगांनी विहिरीपाशीच माझा काटा सर्वांना दाखवला. दोनशे तीस व्होल्ट.

"पाहा! लाइन पुरी हाय. काहून वायरीले दोष देता?"

"आता चालू करा," जुबैदाबी म्हणाल्या.

मोटर घरघरली. जुबैदाबी मला घेऊन आधी खांबापाशी गेल्या, तिथे मी दोनशे तीसच दाखवले. मग त्या उन्हातून चालत परत विहिरीवर आल्या आणि मोटरीला माझ्या वायरी लावल्या. काटा एकशे सत्तरवर थांबला. मग त्यांनी एक वायर माझ्या जबड्यात धरली. मोटरीच्या पाटीवर आठ अँपिअर लिहिले होते. मी दहा दाखवले.

त्यांनी लगेच मोटर बंद केली आणि कोळशाने विहिरीच्या कठड्याच्या भिंतीवर हिशेब मांडला. दोनशे तीसमधून एकशे सत्तर गेले, साठ व्होल्ट वाटेत हरवले. साठ भागिले दहा, म्हणजे वायरीचा रोध सहा ओहम. आणि साठ गुणिले दहा, सहाशे वॅट.

"हे सहाशे वॅट पाणी नाही उपसत, धनसिंगभाऊ. नुसती वायर तापवतात. मोटर बंद असली तं करंट वाहत नाही, म्हणून तवा काटा पुरा दिसला. मोटरीले व्होल्ट कमी पोचतात, मंग ते जास्त करंट ओढते अन् जळते. लांब वायर जाड पाहिजे."

धनसिंगांनी वायरीवर हात ठेवला. "गरम तं लागत नाही."

"चारशे मीटरवर पसरली ते गरमी. हाताले कशी लागंल?"

घागर घेऊन उभ्या असलेल्या सुखीबाई म्हणाल्या, "म्हंजे बाईचा हात बराबर होता, धनसिंग. तुही वायर बारीक."

धनसिंगांनी भिंतीवरचे आकडे एका कागदावर उतरवून घेतले.

आठ दिवसांनी जाड वायर आली. मी पुन्हा मोजले. मोटरीपाशी दोनशे अठरा व्होल्ट, आठ अँपिअर. बारा व्होल्टच हरवले होते. बारा भागिले आठ, रोध दीड ओहम. वाया जाणारी वीज शंभर वॅटच्या आत आली. ती मोटर त्यानंतर जळाली नाही.

धनसिंगांनी माफी मागितली नाही. दिवाळीच्या सुमारास ते आपल्या पिठाच्या गिरणीची मोटर घेऊन दुकानात आले. नबीभाई ती उचलायला पुढे झाले, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही नका हात लावू, नबीभाई. हे बाईलेच बांधू द्या." दुकान भरलेले होते. सगळ्यांनी ऐकले. जुबैदाबी वेढे मोजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा आकडा चुकला आणि त्यांना पहिल्यापासून मोजावे लागले.

आता दुकानात आकडे उमटणारा नवा मीटर आहे. माझा जबडा सैल झाला आहे आणि पोटातला सेल काढायचा राहून गेल्याने आत गंज चढला आहे. मी फळीवर पडून असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्याकडे एखादा मीटर असेल, तर तो ठेवून देताना सेल तेवढा काढा. आणि मित्रांनो, दोष कुणाचा हे ठरवायची वेळ आली, तर उन्हातून का होईना, दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा आणि तिथेही मोजा.