चौथं शील

केसरबाई नातवासाठी आजवर ढीगभर खोटं बोलल्या होत्या. धर्मपालनं काच फोडली की ती वाऱ्यानं फुटायची, डब्यातले लाडू मुंग्या न्यायच्या. प्रदीप चिडायचा, "आई, पार डोक्यावर बसवलंयस त्याला!" बाई हसून मान उडवायच्या. त्यामुळं शेजारच्या गोजरबाईंनी, "पोराला तितं खरं सांगू नका. पप्पाची तब्येत बिगडलीय म्हना आन् घिऊन या," असं बजावलं, तेव्हा त्यात त्यांना अवघड काही वाटलं नाही. अवघड होतं ते घरात पांढऱ्या चादरीखाली निजलं होतं. प्रदीप, त्यांचा एकुलता एक, पहाटेच्या पाळीला टॉवेलच्या कारखान्यात छातीत कळ येऊन गेला होता. सून साक्षी शुद्धीवर नव्हती. मग पोराला आणायला दुसरं कोण जाणार?

कुंभारीहून रिक्षा सोलापूरच्या वाटेला लागली. धर्मपाल तिथं मुलांच्या बौद्ध शाळेत नववीला होता. शाळा खासगी, शिस्त कडक. दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या पोरांना दहा दिवस श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, करायचे. डोकं भादरायचं, चीवर नेसायचं, दुपारनंतर जेवायचं नाही, आणि बाईमाणसानं त्यांना शिवायचं नाही, मग ती सख्खी आई का असेना. प्रदीपला त्याचं कोण कौतुक! त्याची स्वतःची शाळा सातवीतच सुटली होती. समारोपाला चीवरातलं पोरगं बघायचं म्हणून त्यानं रजा टाकून ठेवली होती. तो समारोप उद्यावर आला होता.

हेडसरांना फोन गेलेला होता. त्यांनी सभागृहाचं दार दाखवलं. आत बुद्धमूर्तीपुढं आसनावर धर्मपाल बसला होता आणि जरा बाजूला शिबिराचे भन्तेजी. पोरगं गोट्या डोक्याचं, वाळलेलं. कान तेवढे बापाचे, बाहेर आलेले. ते कान दिसले आणि बाईंना भडभडून आलं. ठरलेलं खोटं त्या तिथंच बोलून टाकायच्या, पण जन्माची सवय आडवी आली. मूर्ती दिसताच पदर डोक्यावर गेला, गुडघे टेकले, हात जुळले. आजच्या दिवशी तरी हे गुडघे ताठ राहायला नकोत?

आलेल्या माणसाला श्रामणेरानं पंचशील द्यायचं, हा शिबिराचा रिवाज. धर्मपालनं डोळे मिटून सुरुवात केली. नुकताच फुटलेला, घोगरा आवाज. तो पुढून म्हणायचा, बाई मागून. हिंसा, चोरी, व्यभिचार, यांच्याशी बाईंचा कधी संबंधच आला नव्हता. मग चौथं आलं. "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि." खोटं बोलणार नाही. बाईंनी ते अर्ध्या ध्यानात म्हणून टाकलं, आणि शेवटच्या शब्दावर त्यांच्या काळजात चर्र झालं.

पाचवं झाल्यावर धर्मपालनं डोळे उघडले. "सुखी व्हा, उपासिके," तो गंभीरपणानं म्हणाला. आजीला उपासिका म्हणायची गंमत मात्र त्याच्या डोळ्यांत लपत नव्हती. "आज कशा आलात? पप्पा उद्या येणार हायत की?"

"पप्पाची तब्येत..." बाई बोलायला लागल्या आणि जीभच अडकली. दुसऱ्या कुणाला त्यांनी बेलाशक फसवलं असतं. पण शब्द दिला होता तो याच लेकराला, आत्ता, हात जोडून.

"भन्ते," त्या खाली बघत म्हणाल्या, "पप्पा गेलं तुमचं. आज पाटं."

धर्मपालचा खालचा ओठ लहानपणी थरथरायचा तसा थरथरला आणि डोळे वाहू लागले. बाईंचे हात आपोआप पुढं झाले. मग त्यांनीच ते मागं घेऊन पदरात गुंडाळले. रडणाऱ्या लेकराला आजीनं पोटाशी धरू नये, हा कुठला न्याय, म्हणून त्या आतल्या आत चरफडल्या.

भन्तेजी उठून आले. "बाळ, चीवर उतरव आणि घरी जा."

"नको," धर्मपाल हुंदका गिळून म्हणाला. "पप्पांना बघायचं होतं मला असं."

मग भन्तेजीही निघाले. रिक्षात एका कडेला पोरगं, मध्ये भन्तेजी, मग त्यांची झोळी, आणि दुसऱ्या कडेला अंग चोरून बाई. कुंभारी येईपर्यंत पोराचे खांदे गदगदत होते आणि बाईंना नुसतं ऐकत बसावं लागलं. एवढी लांब वाट त्यांनी आयुष्यात काटली नव्हती.

अंगणात धर्मपाल बापाच्या पायाशी उभा राहिला. सावरलेल्या साक्षीनं त्याला पाहिलं, धावत आली आणि दोन हातांवर थबकून तिनं हात जोडले. त्यानं सगळ्यांना त्रिशरण दिलं, पंचशील दिलं. एकही शब्द चुकला नाही. केसरबाईही मागून म्हणत होत्या, चौथं सुद्धा, या खेपेला पुरत्या ध्यानात राहून.

मग भन्तेजींनी त्याला आत नेऊन चीवर उतरवून घेतलं. तो आखूड झालेल्या जुन्या शर्टात बाहेर आला. आईला बिलगला, मनसोक्त रडला, मग वळून केसरबाईंच्या कुशीत शिरला. त्याचं तासलेलं डोकं बाईंच्या हनुवटीला टोचत होतं.

"आज्जी," तो अगदी हळू म्हणाला, "पप्पांना दिसलो असंन का गं मी?"

केसरबाईंनी त्याला घट्ट धरलं.

"व्हय रं माज्या राजा," त्या म्हणाल्या, "दिसलास की. डोळं भरून बगितलं त्यानं."